गणिताच्या नोट्समध्ये फ्राक्टुर अक्षरं कशी टाकावीत

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मराठीतून गणिताच्या नोट्स टाइप करणाऱ्यांना ली बीजगणितासाठी (बीजगणिताचा एक प्रकार) फ्राक्टुर, म्हणजे जुन्या जर्मन वळणाचा 'जी' लागतोच. लाटेकमध्ये (गणिताचा मजकूर मांडायची संगणक प्रणाली) सुरुवातीला एएमएसफाँट्स पॅकेज घ्या आणि दोन डॉलर चिन्हांच्या आत मॅथफ्रॅक ही आज्ञा द्या. डॉलर विसरलात की एरर येते. त्यात देवनागरी अक्षर घालू नका, त्या फाँटात ते नाहीच.

युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) फ्राक्टुर अक्षरांचा हा संच २००१ साली, ३.१ आवृत्तीत आला. मोठा 'ए' यू+१डी५०४ वर आहे. पण तिथून सरळ मोजत गेलात तर 'सी', 'एच', 'आय', 'आर', 'झेड' या पाच जागा रिकाम्या लागतात आणि नुसता चौकोन उमटतो. ही अक्षरं आधीच दुसरीकडे होती. 'सी' यू+२१२डी वर, 'आर' यू+२११सी वर. ही अक्षरं आपोआप बदलणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) लिहिताना सगळ्यात जास्त चूक इथंच होते, म्हणून या पाचांचा तक्ता वेगळाच ठेवा.

डीटीपीच्या दुकानात फाइल देताना फाँट एम्बेड केलेली, म्हणजे फाँट आतच साठवलेली पीडीएफच द्या.

दुकानाच्या पाटीसाठी किंवा प्रोफाइलच्या नावासाठी मात्र ही अक्षरं कृपया वापरू नका. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ती नीट वाचत नाही, त्यामुळे अंध वाचकाला नाव कळतच नाही.