बैठकीत ठरलेलं काम तडीस कसं न्यावं

मागच्या सोमवारचं काम या सोमवारी जसंच्या तसं पुन्हा चर्चेला आलं, की साहेब माणसांवर चिडतात. चिडण्याआधी ते काम लिहिलं कसं होतं ते पाहावं. बहुतेक वेळा घोळ तिथेच झालेला असतो.

भोसरी किंवा अंबडच्या एखाद्या मशिन शॉपचं उदाहरण घेऊ. फळ्यावर लिहिलेलं असतं : ‘मशिन 4 चं कूलंट बघणे – मेंटेनन्स’. फिटर येतो, बघतो, जातो. लिहिल्याप्रमाणे त्याचं काम झालं! कूलंटची, म्हणजे धातू कापताना हत्यार थंड ठेवणाऱ्या द्रवाची, गळती मात्र चालूच.

1. काम कधी ‘झालं’ म्हणायचं ते आधीच लिहा. ‘मशिन 4 च्या कूलंट पंपाचं सील बदलणे, त्यानंतर सलग एक शिफ्ट पंपाखालचा ट्रे कोरडा.’ क्रियापद असं निवडा की परिणाम डोळ्यांना दिसेल. बघणे, लक्ष देणे, पाठपुरावा करणे हे शब्द फळ्यावर नकोतच.

2. नाव एकाच माणसाचं, तारीख त्याच्याच तोंडून. ‘मेंटेनन्स’ हे नाव नव्हे. तो माणूस बैठकीला नसेल, तर काम अजून दिलेलंच नाही असं समजा. ग्रुपवरच्या निळ्या टिका म्हणजे होकार नव्हे. ‘लवकरात लवकर’ ऐवजी ‘गुरुवारी, पहिली शिफ्ट सुटण्याआधी’ असं लिहा. लगेच विचारा, ‘कशामुळे अडेल?’ सील स्टोअरमध्ये नसेल, तर ते मागवणं हे वेगळं काम. त्याला खरेदी विभागातल्या माणसाचं नाव आणि आधीची तारीख द्या. हा प्रश्न राहून गेला, की गुरुवारी ‘मटेरियल नव्हतं’ हे उत्तर ठरलेलं.

3. फळा लहान ठेवा. काम, नाव, तारीख, स्थिती एवढे चार रकाने पुरतात. दहा-बारा माणसांच्या विभागात पंधराच्या वर उघडी कामं साचली, तर नवीन घेण्याआधी जुनी निकाली काढा. एक्सेल चालेल, पण ती रोज उघडणारा माणूस नेमलेला हवा.

4. मुदतीच्या मध्यावर विचारा. सहा दिवसांचं काम असेल तर तिसऱ्या दिवशी. ‘झालं का?’ विचारलं की ‘होतंय’ ऐकू येतं. ‘सील आलं का? मशिन कधी थांबवायचं ठरलं?’ असं विचारा आणि शक्यतो मशिनपाशी उभं राहून विचारा.

5. तारीख पुसू नका, खोडा. जुनी तारीख एका रेघेनं खोडून शेजारी नवी लिहा. मुदतीआधी येऊन ‘जमणार नाही’ सांगणाऱ्याला सगळ्यांसमोर झापू नका. पुढच्या वेळी तो सांगणारच नाही. मात्र तिसरी तारीख द्यायची नाही. काम तोडून लहान करा, माणूस किंवा पैसे वाढवा, नाहीतर उघडपणे रद्द करा.

6. स्वतःची कामं त्याच फळ्यावर, सर्वांत वर. अनेकदा काम साहेबांच्या सहीसाठीच अडलेलं असतं. महाराष्ट्रात 2005 च्या दप्तर दिरंगाई कायद्यानं सरकारी कर्मचाऱ्याकडे फाइल पडून राहण्यावर साधारणपणे सात कामकाजी दिवसांची मर्यादा घातली. (ती किती पाळली जाते, हा वेगळा विषय.) आपल्या मंजुरीसाठी अशीच मर्यादा लिहून लावा, शॉपमध्ये दोन दिवस पुष्कळ झाले.

7. ‘झालं’ची खूण काम करणाऱ्यानं करायची नाही. ज्याची अडचण होती त्यानं करायची. इथे मशिन 4 चा ऑपरेटर शिफ्ट संपताना ट्रे पाहील आणि मगच फळ्यावर टिक मारील.