पहिली सायकल घेताय? या चुका टाळा

दिवाळीत आणि पुन्हा जानेवारीत आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये नव्या सायकली येतात. होळीपर्यंत त्यातल्या बऱ्याच धूळ खात उभ्या असतात. गुडघे दुखायला लागले, सारखी पंक्चर होते, गिअर कटकट करतात, चढावर जीव जातो, ही कारणं ठरलेली. मी रविवारी सकाळी पाने-पकड घेऊन सायकली दुरुस्त करायला खाली बसतो, म्हणून या तक्रारी माझ्यापर्यंत येतात. त्यातली क्वचितच एखादी तक्रार सायकल स्वस्त असल्यामुळे आलेली असते. बाकी सगळ्या निवडताना, जोडताना किंवा वापरताना केलेल्या घाईतून येतात. दहा-पंधरा हजारांची साधी सायकल जाणत्या मेकॅनिककडून नीट बांधून घेतली तर वर्षानुवर्षं चालते, हे मी डोळ्यांनी बघतो आहे.

दिसण्यावर भाळू नका

बारा हजारांत कंपनीला फ्रेम, चाकं, गिअर, ब्रेक सगळं बसवायचं असतं. त्याच पैशांत पुढे-मागे सस्पेन्शन, दोन डिस्क ब्रेक आणि जाडजूड टायरही हवे असतील, तर कुठेतरी हात आखडावा लागणारच. तो हब (चाकाचा मधला गाभा), बेअरिंग आणि रिममध्ये आखडला जातो, कारण दुकानात उभं राहून ते कोणी बघत नाही. वर सायकलचं वजन सतरा-अठरा किलोंवर जातं. स्वस्त सायकलचं मागचं सस्पेन्शन तर प्रत्येक पॅडलला खाली दबतं आणि तुमच्या पायातली ताकद चाकापर्यंत पोचायच्या आधीच स्प्रिंगमध्ये जिरते. ऑफिसला किंवा कॉलेजला जायला, सकाळी दहा-पंधरा किलोमीटर फिरायला यातलं काहीही लागत नाही.

"एकवीस गिअर आहेत" या वाक्यावर तर सायकली विकल्या जातात. पुढे तीन चकत्या, मागे सात, म्हणून एकवीस. त्यातले कितीतरी जवळजवळ सारखेच असतात, आणि पुढची मोठी चकती व मागची मोठी चकती अशा जोड्या वापरूच नयेत, चेन तिरकी ओढली जाते. नागपूर, सोलापूरसारख्या सपाट शहरात बिनगिअरची सायकल मजेत चालते. पुण्यात किंवा कोकणात गिअर हवेत, पण मागे सात आणि पुढे एक-दोन चकत्या पुरतात.

माझं मत विचाराल तर साधा, बिनस्प्रिंगचा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुफाटा), रबरी शूवाले व्ही-ब्रेक आणि दीड ते दोन इंच रुंदीचे टायर असलेली सायकल घ्या. कोपऱ्यावरचा सायकलवालाही ती दुरुस्त करू शकतो. तालुक्याच्या गावी राहत असाल तर खरेदीआधीच तिथल्या दुकानात कोणत्या मापाचे टायर आणि ट्यूब मिळतात ते विचारून घ्या.

मापाचं निघालंच आहे तर एक गोष्ट लक्षात ठेवा. २६ × १.७५ आणि २६ × १ ३/८ हे दोन्ही "सव्वीसचे टायर" असले तरी एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. पहिल्याच्या रिमचं माप ५५९ मिलिमीटर, दुसऱ्याचं ५९०. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत ४७-५५९ असा आकडा असतो, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि दुकानात तोच दाखवा.

मुलांना "वाढत्या अंगाची" सायकल घेऊन देऊ नका. कपडे दुमडता येतात, फ्रेम दुमडता येत नाही. ज्या सायकलवर पाय पुरत नाहीत तिच्यावर मूल घाबरतं, पडतं आणि सायकलचं नाव काढत नाही.

खोक्यातून आलेली सायकल

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. ऑनलाइन मागवलेली सायकल बहुतेक वेळा अर्धवट जोडलेली येते. हँडल, पुढचं चाक, सीट आणि पॅडल घरी बसवायचे असतात. सोबत एक पातळ पत्र्याचा पाना आणि कोणी न वाचलेला कागद. लोकांना वाटतं, चार नटबोल्ट तर आहेत.

आमच्याच इमारतीतल्या एका काकांनी बारावी झालेल्या लेकीसाठी अशी सायकल मागवली. संध्याकाळी खोकं आलं आणि रात्री जेवायच्या आत सायकल उभी. डावं पॅडल आत जाईना, म्हणून त्यांनी पान्याला पाइप लावून जोर दिला. शेवटी गेलं आत. चालवताना पाय दर फेऱ्याला थोडा वाकडा पडतो असं ती पोरगी सांगत होती. काका म्हणाले, "नवीन आहे, बसेल हळूहळू." काही दिवसांनी पुण्यातल्या बावधनच्या चढावर ती उभी राहून पॅडल मारत असताना ते क्रँकमधून (पॅडल ज्या फिरत्या पट्टीत बसतं ती) सरळ निसटलं. नडगी क्रँकवर घासून सोलली आणि ती रस्त्याच्या मधल्या बाजूला पडली. मागच्या रिक्षावाल्याने वेळेत ब्रेक दाबला म्हणून निभावलं.

सायकल माझ्याकडे आली तेव्हा क्रँकच्या भोकात आटे उरलेच नव्हते. बोट फिरवलं तर अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत चुरा बोटाला लागत होता. पॅडलचा दांडा पोलादी असतो आणि क्रँक मऊ अ‍ॅल्युमिनियमचा, त्यामुळे अशा झटापटीत क्रँकच हरतो. नुसता डावा क्रँक कुठे मिळेना, अखेर पूर्ण सेट बदलावा लागला. वर बघतो तर पुढचा फोर्कही उलटा बसवलेला! ब्रेक फोर्कच्या मागे आले होते आणि वळताना चपलेचं टोक चाकाला लागत होतं. ती पोरगी तशीच सायकल रोज कॉलेजला नेत होती, याचा मला आजही राग येतो.

डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. ते मुद्दाम तसे केलेले असतात, कारण पॅडल मारताना दांड्यावर जो भार फिरत राहतो त्याने डाव्या बाजूचा सरळ आटा हळूहळू सुटत जातो. पॅडलवर एल आणि आर कोरलेलं असतं. घट्ट करताना पान्याचं टोक वरून पुढच्या चाकाकडे न्यायचं, दोन्ही बाजूंना हा एकच नियम. मी आट्यांना बोटभर ग्रीस लावतो आणि पहिले तीन-चार फेरे फक्त बोटांनी फिरवतो. बोटांनी फिरत नसेल तर पॅडल तिरकं लागलंय किंवा बाजू चुकली आहे. तिथेच थांबायचं आणि बाहेर काढून पुन्हा लावायचं. पाना शेवटच्या आवळणीपुरता. पाइप लावायची वेळ येतच नाही.

फोर्कची परीक्षा सोपी आहे. फोर्कची टोकं पुढच्या दिशेला झुकलेली हवीत, व्ही-ब्रेक पुढून दिसायला हवेत आणि डिस्क असेल तर तिचा कॅलिपर (डिस्क दाबून धरणारा भाग) सायकलवर बसल्यावर तुमच्या डाव्या हाताला हवा.

हे सगळं वाचून हुरूप आला असला तरी पहिली सायकल स्वतः जोडू नका. काही शे रुपये देऊन जाणत्या मेकॅनिककडून बांधून घ्या आणि तो करत असताना शेजारी उभे राहून बघा. दोन-तीन आठवडे चालवल्यावर पुन्हा त्याच्याकडे न्या. तोवर केबल सैल पडतात, स्पोक बसतात, क्रँकचे बोल्ट ढिले होतात. ही पहिली सर्व्हिसिंग लोक हमखास टाळतात, आणि मग "गिअर कटकट करतात" म्हणून सायकलला नावं ठेवतात.

सीट

दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतील इतकी खाली सीट ठेवून लोक महिनाभर चालवतात आणि गुडघे धरून बसतात. पॅडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवताना गुडघ्यात हवा तेवढाच बाक राहतो. थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय लावा. सीटचा दांडा वर घेताना त्यावरची कमाल उंचीची खूण मात्र ओलांडू नका, दांडा मोडतो.

चेनला तेल घातलं म्हणजे काळजी घेतली असं नाही

खोबरेल तेल, गाडीचं काळं ऑइल, ग्रीस, बिजागरीचा गंज सोडवणारा स्प्रे, चेनवर मी सगळं बघितलेलं आहे. स्प्रेने गंजलेला नट सुटतो, पण त्याने चेनमधलं आहे ते तेलही धुऊन निघतं आणि दोन दिवसांत ती कोरडी ठणठणीत होते. ऑइल आणि ग्रीस धूळ धरून ठेवतात. त्याचा जो काळा चिखल होतो, तो चेन आणि दाते दोन्ही झिजवतो.

तेल लागतं ते प्रत्येक कडीच्या रोलरच्या आत. बाहेरून चमकणाऱ्या चेनचा काही उपयोग नाही. मी जुन्या बनियनचा तुकडा घेतो, खालची चेन त्यात धरून पॅडल उलटं फिरवतो आणि कापड काळं व्हायचं कमी होईपर्यंत पुसत राहतो. मग सायकलच्या चेनचं तेल, प्रत्येक रोलरवर एक थेंब. दहा मिनिटं थांबायचं आणि बाहेरचं सगळं तेल पुसून काढायचं. हे शेवटचं पुसणं नव्वद टक्के लोक करत नाहीत. अधीर माणसाला तेल ओतायला आवडतं, पुसायला आवडत नाही. पावसाळ्यात भिजून आल्यावर चेन त्याच दिवशी पुसा आणि तेल घाला, सकाळपर्यंत तांबूस होते. वर्षातून एकदा दसऱ्याला धुऊन झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं की झालं, असं समजणाऱ्यांच्या सायकली मी चेनच्या आवाजावरून ओळखतो.

डिस्क ब्रेक असेल तर तिथे कसलाही स्प्रे उडू देऊ नका. ब्रेक पॅडला तेल लागलं की ते बहुधा बदलावेच लागतात.

चेन झिजली की लांबते. शाळेतली फूटपट्टी लावून बघा. एका पिनेच्या मधोमध शून्य धरलं तर बारा इंचांवर बरोबर पिनेचा मध्य यायला हवा. एक सोळांश इंच पुढे गेला असेल तर चेन बदला. एक अष्टमांश गेला असेल तर मागची फ्रीव्हीलही (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) गेली असं समजा. वेळेवर बदललेली चेन फ्रीव्हीलचा खर्च वाचवते.

हवा आणि पंक्चर

अंगठ्याने दाबून हवा बघणं सोडा. टायरच्या कडेला किमान-कमाल आकडा पीएसआयमध्ये (हवेचा दाब मोजायचं एकक) लिहिलेला असतो, त्याच्या मधे राहा आणि आठवड्यातून एकदा भरा. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडली असतील तर हवा कमी होती, खड्ड्यात रिमने ट्यूब चेपली. काट्याला दोष देऊ नका.

एकाच चाकाला परत परत पंक्चर होत असेल तर पंक्चर काढणाऱ्याने टायर आतून तपासलेला नसतो. बाभळीच्या काट्याचं टोक टायरमध्ये मोडून राहतं, बाहेरून दिसतही नाही. मी कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवतो, जिथे अडकतो तिथे काटा. रिमच्या आतली पट्टी सरकून स्पोकची टोकं उघडी पडली आहेत का, तेही बघून घ्या.

पेट्रोल पंपावरच्या मशीनने हवा भरू नका, ट्यूब क्षणात फुटू शकते.

आणखी काही

सायकल दुचाकीच्या वॉशिंग सेंटरवर नेऊ नका. जोराचं पाणी हबमध्ये आणि बॉटम ब्रॅकेटमध्ये (फ्रेममध्ये क्रँक जिथे फिरतात तो भाग) शिरतं आणि ग्रीस जातं.

चढावर जोर देत असताना गिअर बदलू नका. चढ लागायच्या आधी बदला.

पुढच्या ब्रेकला घाबरू नका. सायकल थांबवण्याचं मोठं काम तोच करतो. फक्त दोन्ही ब्रेक एकत्र आणि दमादमाने दाबा.

सायकल घेतल्याच्या पहिल्याच रविवारी सिंहगड किंवा लोणावळा करू नका. पहिला महिना रोज थोडं चालवा, शरीर आणि सायकल दोन्ही बसू द्या.

जुनी सायकल घेत असाल तर पावती मागा आणि बॉटम ब्रॅकेटखाली कोरलेला फ्रेम नंबर तिच्याशी जुळवा. हँडलखालच्या नळीजवळ रंगाला सुरकुती किंवा चीर दिसली तर कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या. क्रँक हातात धरून आडवा हलवा, खटखट लागली तर बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करून घ्या.

घरी अ‍ॅलन कीचा (षटकोनी चाव्यांचा) सेट, पॅडलसाठी पंधरा नंबरचा पातळ पाना, टायर काढायचे दोन लिव्हर, एक जास्तीची ट्यूब आणि मीटरवाला पंप, एवढं असू द्या. पंप घेताना रबरी नळीचा घ्या. थेट व्हॉल्ववर बसणारा पंप जोरात मारताना डुगडुगतो आणि ट्यूब व्हॉल्वच्या मुळाशी फाटते. त्या जागचं पंक्चर निघत नाही.