गाडी चालवताना इंजिन ऑइल अचानक गळून गेलं तर काय करावं

आंबेनळी किंवा ताम्हिणी घाटात दरडीचा एखादा दगड गाडीखाली खाडकन लागतो. गाडी चालत राहते, म्हणून आपणही निघतो. थोडं पुढे गेल्यावर डॅशबोर्डवर ऑइलच्या किटलीचा लाल दिवा पेटतो. तोवर खालचं चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं, फुटलेलं असतं. लहान पेट्रोल गाडीत ऑइल असतं जेमतेम 3 ते 3.5 लिटर; मोठ्या भोकातून ते संपायला काही मिनिटं पुरतात.

हा दिवा ऑइलच्या दाबाचा आहे. तो पेटला की ऑइल बेअरिंगपर्यंत (इंजिनमधला दांडा ज्यात फिरतो त्या भागांपर्यंत) पोहोचत नाहीये असंच धरून चाला. 3000 आरपीएमला (मिनिटाला 3000 फेरे) क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, सेकंदाला 50 वेळा फिरतो आणि त्याला बेअरिंगपासून वेगळं ठेवतो तो केसाहून पातळ ऑइलचा थर. तो तुटला की धातू धातूवर घासतो, बेअरिंग तापून क्रँकला चिकटतं आणि इंजिन सीझ होतं, म्हणजे जाम होतं. म्हणून ‘पुढच्या पंपापर्यंत नेऊ’ हा विचारच मनात आणू नका. चेंबरच्या दुरुस्तीवर भागणारं काम पूर्ण इंजिन उघडण्यापर्यंत जातं, ते याच एका विचारामुळे.

आधी थांबा, मग इंजिन बंद करा

ॲक्सिलरेटर सोडा, चारही इंडिकेटर लावा, डावीकडे घेऊन थांबा आणि लगेच इंजिन बंद करा. चालत्या गाडीत चावी फिरवू नका. स्टिअरिंग जड होतं, ब्रेकची मदत संपते आणि चावी निघाली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं. घाटाच्या वळणावर असाल तर तिथे थांबू नका. पहिली मोकळी जागा गाठा, त्यात इंजिनचं नुकसान झालं तरी चालेल. माणसांच्या जिवापुढे इंजिनची काय किंमत?

सगळ्यांना उतरवून रस्त्यापासून लांब उभं करा. त्रिकोणी रिफ्लेक्टर निदान 50 मीटर मागे ठेवा. गरम सायलेन्सरवर ऑइल पडून धूर येत असेल तर बॉनेट उघडायची घाई करू नका, आग लागू शकते. आणि एक कळकळीची विनंती: सांडलेल्या ऑइलवर माती किंवा वाळू टाका. मागून येणारा दुचाकीवाला त्यावरूनच घसरतो.

गळती कुठे आहे ते पाहा

पाच मिनिटं थांबून डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढा, पुसा, पुन्हा घालून बघा. पट्टी कोरडी असेल तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही, ‘आवाज कसा येतो बघू’ म्हणूनसुद्धा नाही. जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका. वाकून टॉर्चने दिसेल तेवढंच पाहा. नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल तर ड्रेन नट सैल राहिला असेल, किंवा जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटलेली असताना त्यावर नवा फिल्टर बसवला असेल.

डब्यातलं ऑइल ओतून गाडी हाकायचा मोह होतो. चेंबर फुटलं असेल तर ते ओतलेलं ऑइलही रस्त्यावरच जाणार. पट्टीवर ऑइल पुरेसं असूनही लाल दिवा जात नसेल, तर ऑइल पंप किंवा दाबाच्या सेन्सरचा प्रश्न असू शकतो. तेव्हाही गाडी चालवायची नाही. टोइंग बोलवा. राष्ट्रीय महामार्गावर 1033 ला फोन लावा. ऑटोमॅटिक गाडी शक्यतो सपाट ट्रकवर चढवूनच न्या.

विमा

दगडाचे, फुटलेल्या चेंबरचे आणि रस्त्यावरच्या ऑइलचे फोटो काढा आणि दुरुस्तीआधी विमा कंपनीला कळवा. साध्या फर्स्ट पार्टी विम्यात आपटून फुटलेल्या चेंबरचा खर्च मिळू शकतो. तशीच गाडी चालवून इंजिन गेलं, तर ते नुकसान सहसा धरत नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं जादा कवच घ्यावं लागतं, आणि त्यातही अटी असतात.

गॅरेजमध्ये हे करून घ्या

चेंबर उतरवलंच आहे तर तळाशी आणि जुना फिल्टर कापून आत चमकणारा चुरा आहे का ते बघायला सांगा. चुरा दिसला तर खालूनच एक-दोन बेअरिंग कॅप (बेअरिंगची झाकणं) उघडून शेल, म्हणजे आतले पातळ अर्धगोल पत्रे, तपासता येतात. शेल गुळगुळीत असतील तर वाचलात. ओरखडे असतील तर तिथेच थांबून क्रँकचं काम काढा, नुसतं नवं ऑइल भरून गाडी घेऊ नका.

सगळं ठीक असेल तर नवं ऑइल, नवा फिल्टर घालून आधी क्रँक पाना लावून हाताने फिरवून बघावा. मग इंधन तोडून सेल्फ फिरवावा, म्हणजे इंजिन चालू होण्याआधी दाब तयार होतो. सेन्सरच्या जागी गेज लावून तो दाब मोजून घ्या. वरून येणारी हलकी टकटक टॅपेटची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांची) असू शकते. खालून जड खटखट आली आणि ॲक्सिलरेटरबरोबर वाढली, तर बेअरिंग गेलं आहे. इंजिन त्याच क्षणी बंद करायला लावा.

गाडी घरी आल्यावर पहिल्या रात्री खाली पुठ्ठा पसरून ठेवा आणि सकाळी त्यावर डाग पडलाय का ते पाहा.