गरी टाकण्याआधी: मासा किती मोठा, कोणत्या महिन्यात आणि किती

पावसाळा सरला, धान निसवलं की झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, गळाची दांडी माळ्यावरून खाली येते. गांडुळं, कणकेचा गोळा, तंगूस (गळाचा दोरा), गरी (गळाचा आकडा) ही तयारी कोणाला शिकवावी लागत नाही. राहून जाते ती दुसरी तयारी: केवढा मासा घ्यायचा, कोणत्या महिन्यांत पाण्याला हात लावायचा नाही आणि पिशवीत किती पडले की दांडी गुंडाळायची. समुद्रावर यातलं बरंच सरकारने आकड्यांत लिहून दिलंय. आपल्या बोडी (शेतातलं लहान तळं), तलाव आणि नदीवर ते आपणच ठरवून घरून निघावं लागतं. आणि ठरवायचं तर पाणी कोणतं हे आधी बघावं लागतं, कारण तलावात लहान मासा सोडायचा तो एका कारणासाठी आणि नदीत सोडायचा तो अगदी वेगळ्या.

म्हणून पहिलं काम म्हणजे पाणी कोणाचं ते विचारणं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोहळी समाजाच्या कितीतरी पिढ्यांनी उभे केले. त्यातला मासा मात्र आज बहुतेक ठिकाणी ढिवर या मासेमार समाजातल्या बांधवांच्या मच्छीमार सहकारी संस्थेचा असतो. संस्थेने ठेका भरलेला असतो, बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) विकत आणून सोडलेली असते, रात्रीची राखण लावलेली असते. तेव्हा आदल्या दिवशी अध्यक्षांना किंवा राखणदाराला गाठा आणि सरळ विचारा. कुठे दिवसाचे पैसे घेतात, कुठे नुसतं ‘बसा’ म्हणतात, कुठे नाही म्हणतात. नाही म्हटलं तर दुसरं पाणी बघायचं. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहून हुज्जत घालायची नाही. ज्या गावांना २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेत, तिथे पाण्यातल्या माशांवरचा हक्कही त्यात येतो. गडचिरोलीत अशी गावं पुष्कळ आहेत. तिथे ग्रामसभेला विचारल्याशिवाय दांडी उघडू नका. आणि ताडोबा, पेंच, मेळघाट, बोर, नवेगाव-नागझिरा या व्याघ्र प्रकल्पांच्या आतलं पाणी यादीतून काढूनच टाका. तोतलाडोहात मासा किती मोठा आहे याच्या गोष्टी तुमच्या कानावर आल्या असतील, पण तिथे मासेमारीला बंदी आहे.

पाणी ठरलं की महिना. मिरगाचा पहिला दमदार पाऊस झाला, नाल्याला गढूळ पाणी आलं की मासे प्रवाहाच्या उलट चढतात, बांधीत (धानाच्या शेतात) शिरतात, रपट्याखालच्या (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलाखालच्या) वीतभर पाण्यातही सापडतात. चढणीचे मासे म्हणून त्यांचं मोठं कौतुक होतं. गावात त्या दिवसांत टोपली, काठी, मच्छरदाणी, हाताला येईल ते घेऊन पोरं धावतात. पण ते मासे चढतात ते अंडी टाकायला. रोहू, कतला, मृगल हे वाहत्या, पुराच्या पाण्यातच वितात. साचलेल्या तलावात त्यांची वीण सहसा होत नाही. किलोभर वजनाच्या रोहू मादीच्या पोटात लाखाच्या वर अंडी असतात. तिला रपट्याखाली काठीने मारली की वर्षाची सगळी वीण त्या एका कालवणात जाते. म्हणून नदी-नाल्यावर मिरगापासून पोळ्यापर्यंत गळ बंद, हा माझा नियम आहे आणि तो मी कोणत्याही पाहुण्यासाठी मोडत नाही. पाऊस उशिरा आला तर बंदीही उशिरापर्यंत चालू राहते.

दुसरी बंदी उन्हाळ्याची, आणि तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही. चैत्र-वैशाखात नदी तुटते, वाळू उघडी पडते आणि मैलभर नदीचे मासे एका डोहात गोळा होतात. पुढच्या पावसात चढणारी आई-बाप मंडळी तीच. तिथे गळ टाकला की मासा लागणारच, त्यात कसब काही नाही. आटलेल्या तलावातही पहाटेच्या वेळी पाण्यातला प्राणवायू अगदी कमी होतो, मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतात. अशा वेळी पकडून सोडलेला मासाही सहसा जगत नाही. एप्रिल-मे मध्ये हात फारच शिवशिवले तर गोसीखुर्द धरणासारख्या खोल, मोठ्या पाण्यावर परवानगी काढून बसा. डोहाला हात लावू नका. आपल्याकडचा खरा हंगाम दसऱ्यापासून होळीपर्यंतचा. थंडी कडक पडली की मासा सुस्तावतो, तेव्हा ऊन चढल्यावर बसावं.

आता माप. घरी फूट-दीड फूट लांबीची गुळगुळीत लाकडी पट्टी घ्या, एका टोकाला उभी फळी ठोका आणि सेंटीमीटरच्या खुणा खिळ्याने कोरा. रंगाच्या खुणा ओल्या हातांनी पुसल्या जातात. मासा ओला करून, तोंड मिटवून, तोंडाचं टोक फळीला टेकवायचं आणि शेपटीची टोकं एकत्र दाबून शेवटपर्यंत मोजायचं. अंदाजाने मोजू नका, दांडीवर धडपडणारा मासा प्रत्येकाला असतो त्यापेक्षा मोठा दिसतो. नदीत रोहू, कतला, मृगल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वयात येतात, म्हणून नदीवर मी ४५ सेंटीमीटरच्या खालचा एकही घेत नाही. पट्टी त्या हिशेबाने थोडी लांब ठेवा. आणि फार मोठी, पोट भरलेली मादी लागली तर तीही सोडतो. लहान माशाइतकीच तिला सोडण्याची गरज असते.

तलावातल्या कतला-रोहूचं गणित निराळं. तिथलं मत्स्यबीज केंद्रातून येतं. ओडिशात १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काची सुई देऊन माशांचं प्रजनन साधलं, म्हणून आज आपल्या संस्थांना बोटुकली विकत मिळते. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन त्याच आठवणीचा. तेव्हा तलावातला पावकिलोचा रोहू काढण्यात वीण बुडत नाही, ढिवराचे पैसे बुडतात. त्याने सोडलेलं बीज उन्हाळ्यापर्यंत किलोच्या आसपास जाईल या हिशेबाने तो थांबलाय. इथे माप संस्थेने सांगितलं ते. विचारताना हाही प्रश्न विचारून घ्या.

मरळ हा तिसरा प्रकार, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त अन्याय त्याच्यावर होतो. तो तलावातच वितो आणि पिल्लं राखतो. पाळीच्या कडेला, गवतात, गुडघाभर पाण्यावर तांबूस-नारिंगी पुंजका सरकताना दिसतो. थांबून बघा: ती बोटाच्या पेरापेक्षा लहान शेकडो पिल्लं असतात, एकदम वर येतात, पृष्ठभागावर बारीक सर पडल्यासारखे थेंब उठतात आणि सगळी एकदम खाली जातात. त्यांच्या खालीच आई-बाप असतात. पुंजक्यावरून गरी ओढली की ते भुकेने नाही, पिल्लांसाठी झडप घालतात. ही युक्ती बरेच जण कौतुकाने शिकवतात. राखण गेली की पिल्लं दुसऱ्या माशांच्या आणि बगळ्यांच्या तोंडी पडतात. मरळ साधारण २५ सेंटीमीटरला वयात येतो, मी ३० ची खूण धरतो. पण पुंजका दिसला तर तिथे खूण बघायचीच नाही, जागा सोडून पन्नास पावलं पुढे जायचं. मरळीला बाजारात भाव चांगला असतो, त्यामुळे हे पाळणं कठीण आहे हे मला ठाऊक आहे. तरी पाळा.

तिलापियाला मात्र माप नको, संख्या नको. तो बाहेरून आलेला, वर्षातून अनेकदा वितो आणि देशी माशांची जागा खातो. लागला तर घरी न्या. मांगूर लागला तर नीट पाहा: देशी मांगूर लहान अंगाचा असतो, हातभर वाढलेला, डोकं चपटं-रुंद असलेला बहुधा ‘थाई’ म्हणून विकला जाणारा आफ्रिकन मांगूर असतो. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. तो परत पाण्यात सोडू नका.

संख्येचा विचार स्वयंपाकघरापासून सुरू करावा. घरात पाच माणसं असतील तर किलो-दीड किलोचा एक मासा पुरतो. माझी मर्यादा माणशी दोन, मरळ असेल तर एकच. ती भरली की गरी काढून ठेवायची. पकडून सोडत बसायचं तेही नाही, कारण सोडलेले सगळे जगतात असं नाही. शेजाऱ्यांसाठी, साळ्यासाठी, फ्रिजसाठी अशी नावं जोडत गेलं तर मर्यादा उरतच नाही. चार जण मिळून गेलात तर चौघांची बेरीज करून एकानेच ती भरायची नाही.

सोडायचा मासा जगावा अशी हत्यारं न्या. गरीच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने आदल्या रात्रीच दाबून टाका. बारीक गरी नको, ती पोटात जाते. मोठी गरी ओठाला अडकते आणि बोटुकलीच्या तोंडात मावतही नाही. लांब नाकाची पकड, ओलं गोणपाट, छोटी कात्री. गरी गिळली असेल तर उपसू नका, तंगूस तोंडाशी कापून मासा सोडा. कल्ल्यात बोट घालून फोटो काढायचा मोह आवरा. गळाला कासव लागलं तर तेही असंच, तंगूस तोंडापाशी कापून तिथल्या तिथे सोडायचं; आपल्या तलावातली मऊ पाठीची कासवं वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, घरी नेणं गुन्हा आहे.

सोबत काय न्यायचं नाही हे एका दमात सांगतो: विजेची तार, ब्लिचिंग पावडर, सुतळी बॉम्ब, विषारी पाला आणि मच्छरदाणी. स्फोटक आणि विष टाकून मासे मारण्यावर १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. असलं काही आणणारा सोबती असेल तर त्या दिवशी जाऊच नका. आभाळ भरलं असेल तरीही जाऊ नका. मोकळ्या पाळीवर कार्बनची दांडी उभी धरणं म्हणजे विजेला बोलावणं. मोबाइलवर विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप ठेवा, गडगडाट ऐकू आला की दांडी टाकून पाळ उतरा आणि झाडाखाली उभे राहू नका.

सुट्टीत कोकणात जाऊन खाऱ्या पाण्यात गळ टाकायचा बेत असेल, आणि हल्ली नागपूर-चंद्रपूरकडून बरेच जण जातात, तर इथले आकडे तिथे चालत नाहीत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, तेव्हा त्या दोन महिन्यांत कोणी ‘गुपचूप बोट काढतो’ म्हणालं तर पैसे देऊ नका. २०२३ मध्ये राज्याने ५४ प्रजातींचं किमान आकारमान ठरवून दिलंय, आणि त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. मापाची पट्टी तीच न्या, उलट्या बाजूला नव्या खुणा कोरा: पापलेट १३.५ सेंटीमीटर, हलवा १७, बोंबील १८, सुरमई ३७. घोळीची ७० सेंटीमीटरची खूण पट्टीवर मावणार नाही, तिच्यासाठी शिंप्याची टेप खिशात ठेवा.