घसा खवखवतोय? ज्येष्ठमध असा घ्या

कोरडी ढास लागली, घसा खवखवायला लागला की ज्येष्ठमधाची काडी चघळावी. रसाचा पातळ थर सुजलेल्या घशावर बसतो आणि ढास कमी होते. शस्त्रक्रियेच्या वेळी श्वासनलिकेत नळी घातल्याने नंतर घसा दुखतो. त्यावर आधीच ज्येष्ठमधाच्या पाण्याने गुळण्या केल्यास दुखणं कमी होतं, हे वैद्यकीय अभ्यासांतही दिसलं आहे.

आधी मूळ पारखा. काडी मोडून पाहा: साल तपकिरी, आतला भाग पिवळा आणि तंतुमय हवा. कुबट वास आला, बुरशीचे डाग दिसले तर घेऊ नका. ज्येष्ठमध म्हणून गुंजेचं मूळही खपवलं जातं. पूड केल्यावर काहीच ओळखू येत नाही, म्हणून मी तयार पुडीपेक्षा काडीच घ्या म्हणेन.

चघळायला बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरतो. धुऊन, दाताखाली हलकेच चेचून रस सावकाश गिळा, चोथा थुंकून टाका.

काढ्यासाठी काडी भरड कुटा. दीड ते दोन ग्रॅम कूट १५० मिली पाण्यात घालून, झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं उकळा. गाळून कोमट प्या. दिवसातून एकदाच, बस्स. साखर घालायची गरजच नाही. गुळण्यांनाही हाच काढा चालतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्येष्ठमधाची गोडी ग्लिसरायझिन नावाच्या घटकामुळे येते. ते साखरेपेक्षा सुमारे ५० पट गोड असतं. शरीरात गेल्यावर ते मूत्रपिंडातल्या एका विकराचं (एन्झाइमचं) काम अडवतं. मग कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हार्मोन) तिथे निष्प्रभ होत नाही, मीठ आणि पाणी शरीरात साठतं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. रक्तदाब चढतो, पाय सुजतात, स्नायू गळून जातात, हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. रोज घेणाऱ्यांसाठी दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसरायझिन ही मर्यादा युरोपातल्या तज्ज्ञ समितीने सांगितली आहे. काडीत ते ५ टक्के असेल, तर दोन ग्रॅममध्येच ही मर्यादा गाठली जाते! म्हणून काढा आणि चघळणं एकाच दिवशी नको, आणि घसा बरा झाला की थांबा. गोड लागतो म्हणून महिनोन्‌महिने चघळत राहणं खरंच धोक्याचं आहे.

रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ज्येष्ठमध टाळावा. गरोदर बायकांनीही घेऊ नये. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, डिगॉक्सिन (हृदयविकारावरचं औषध) किंवा स्टेरॉइड चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काडीही तोंडात धरू नका. आठवडाभरात खोकला हटला नाही, ताप आला, दम लागला किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर काढे थांबवून तपासून घ्या.