दुसऱ्याच्या आमंत्रणावर अमेरिकन लग्नाला जाताय? मग आहेराचं काय?

इथे उन्हाळा लागला की लग्नसराई सुरू होते आणि नव्याने आलेल्या मुलामुलींचा एक प्रश्न हमखास येतो. मैत्रिणीला, किंवा जिच्याशी नुकतं जुळतंय तिला, कुणाच्या तरी लग्नाचं आमंत्रण असतं. ती म्हणते, चल माझ्याबरोबर. नवरा-नवरी दोघंही आपल्याला अनोळखी. तिकडून आई फोनवर विचारते, ‘रिकाम्या हाताने जाणार आहेस का?’ मग आहेर द्यायचा का, आणि द्यायचा तर वेगळा द्यायचा का?

एका आमंत्रणाला एक आहेर. आमंत्रण ज्याच्या नावाने आलंय त्याने तो द्यायचा आणि त्यात तुम्ही दोघंही आलात. आमंत्रणाच्या पाकिटावर तिच्या नावापुढे नुसतं ‘अँड गेस्ट’ असेल तर तुम्ही प्लस वन, म्हणजे तिच्यासोबत आलेले पाहुणे. तुमच्याकडून स्वतंत्र आहेराची कुणाचीही अपेक्षा नसते. आहेरासोबतच्या शुभेच्छा-कार्डावर खाली दोघांची नावं लिहायची, आधी तिचं, मग तुमचं. पाकिटावर तुमचंही पूर्ण नाव छापलेलं असेल तर मात्र आमंत्रण दोघांना आहे आणि निम्मा खर्च तुमचा.

तरी ‘मी किती घालू?’ हे एकदा विचारावं. लग्नाच्या दोन-तीन आठवडे आधी विचारा, हॉलच्या दारात नको. एकत्र राहत असाल तर सरळ निम्मं-निम्मं. ओळख नवी असेल तर ती बहुतेक नकोच म्हणेल. मग आपल्याकडच्यासारखं ‘नाही नाही, घेच’ करत पैसे तिच्या हातात कोंबू नका. इथे नाही म्हणजे नाही. त्यापेक्षा पेट्रोल भरा, गाडी चालवा, हॉटेलच्या खोलीतला आपला वाटा न मागता द्या. लांबच्या लग्नात खरा खर्च तिकडेच होतो.

किती द्यायचे? आपल्या मंडळींचा आवडता हिशोब म्हणजे ताटाचा. ‘केटरर दीडशे डॉलर ताट लावतो, आपण दोघं, म्हणजे तीनशे तरी हवेत.’ अमेरिकन लोकही हे बोलतात, म्हणून ते खरं ठरत नाही. यजमानाने किती महागडा हॉल घेतला यावर तुमचा आहेर ठरत नाही. नातं किती जवळचं आणि खिसा किती खोल, यावर ठरतो. तोही आमंत्रण ज्याचं आहे त्याच्या नात्यावर. ऑफिसातल्या ओळखीपुरतं लग्न असेल तर दोघांचे मिळून शंभर-सव्वाशे डॉलर मला पुरेसे वाटतात. विद्यार्थी असाल तर त्याहून कमी दिलेत तरी कुणी नाव ठेवत नाही. आणि हो, १०१ चा चेक फाडू नका. वरचा एक डॉलर कशाचा, हे त्यांना कळत नाही.

इथल्या निमंत्रणपत्रिकेवर आहेराबद्दल अवाक्षर नसतं. आपल्याकडे ‘कृपया आहेर आणू नये’ असं स्वच्छ छापतात, त्यामुळे नवखा माणूस समजतो की काही लिहिलं नाही म्हणजे काही द्यायचं नाही. तसं नाही. पत्रिकेवर आहेराचा विषय काढणं इथे असभ्य मानतात. रजिस्ट्रीची लिंक त्यांच्या लग्नाच्या वेबसाइटवर असते. रजिस्ट्री म्हणजे त्या दोघांनी दुकानात आधीच नोंदवलेली हव्या असलेल्या वस्तूंची यादी. ही पद्धत जुनी आहे. शिकागोच्या मार्शल फील्ड्स दुकानाने ती १९२४ मध्ये सुरू केली. एखादी वस्तू कुणी घेतली की यादीत तशी खूण होते. म्हणून मैत्रिणीला लवकर बघायला सांगा. टॉवेल आणि चमचे आधी संपतात, आणि उशीर केलात की उरतो कित्येक शे डॉलरचा मिक्सर.

वस्तू थेट त्यांच्या घरी पाठवायची, तो पत्ता रजिस्ट्रीतच असतो. मोठं खोकं उचलून लग्नाला नेऊ नका. रात्री अकराला ते गाडीत घालायला कुणाला तरी थांबावं लागतं. आणि यादीबाहेरचं तर काहीच नको, विशेषतः भारतवारीत आणलेला, कपाटात पडून असलेला चांदीचा मुलामा दिलेला गणपती. तो तुम्हालाही कुणीतरी असाच दिलेला असतो, हे मला माहीत आहे.

आता चेक. हे दोनदा वाचा. चेक लग्नानंतरच्या नावाने लिहू नका. ‘मिस्टर अँड मिसेस’ आणि पुढे नवऱ्याचं आडनाव, असा चेक लिहिणारे नवखे मी बघत आले आहे. लग्नाच्या दिवशी त्या नावाचं खातंच नसतं. नाव बदलायचं तर विवाहाचा दाखला, मग सोशल सिक्युरिटी, मग लायसन्स, मग बँक असा फेरा असतो आणि कित्येक मुली आडनाव बदलतही नाहीत. एका मुलाचा तीनशेचा चेक असाच परत आला. नवरीला संकोचून मैत्रिणीला कळवावं लागलं, मैत्रिणीला त्याला, शिवाय पहिला चेक थांबवायची फी गेली ती वेगळीच. दोघांची नावं ‘अँड’ने जोडलीत तर दोघांच्या सह्या लागतात, ‘ऑर’ने जोडलीत तर एकाची पुरते. सगळ्यात सोपं म्हणजे मैत्रिणीची ओळख ज्याच्याशी आहे त्या एकाच्याच नावाने लिहा, पत्रिकेवर आहे ते नाव, जसंच्या तसं. लग्नाआधीचं नाव. पुन्हा सांगते, लग्नाआधीचं.

तिथे स्टेज नसतं, पाकीट हातात देऊन फोटो काढायची रांगही नसते. दाराजवळच्या टेबलावर काचेची किंवा लाकडी पेटी असते, वर फट असलेली. कार्ड त्यात टाकायचं. शेजारी वही दिसली तर ती आहेराची नव्हे, शुभेच्छा लिहायची. रक्कम लिहून घेणारे काका कुठेच नसतात, म्हणून कार्डाच्या आत नावं वाचता येतील अशी लिहा. कुटुंबाचे फोटो सुरू झाले की आपण होऊन बाजूला व्हा.

आभाराचं पत्र पोस्टाने येतं, कधी दोन-तीन महिन्यांनी, आणि बहुतेक तिच्या एकटीच्या नावाने. वाईट वाटून घेऊ नका. चेक वटलाच नाही तर मात्र तिला हळूच विचारायला सांगा. सहा महिन्यांहून जुना चेक वटवायचं बंधन बँकेवर नसतं.

लग्नाआधीच तुमचं फाटलं तर? जायचं नाही, आमंत्रण तिचं होतं. आहेरात घातलेले पैसे परत मागायचे नाहीत.

इथल्या देशी लग्नात पत्रिकेवर ‘नो बॉक्स्ड गिफ्ट्स’ असं छापलेलं दिसेल. त्याचा अर्थ चेक चालेल. आहेराचा नियम तिथेही तोच, एका आमंत्रणाला एक. फक्त पहिल्याच टेबलावर एखादी मावशी विचारेल, ‘तू हिचा कोण?’ त्याचं उत्तर दोघांनी गाडीतच ठरवून ठेवा.