पोरगं नुसतं चिडकं झालंय की आतून खचलंय? घरच्या घरी पहिली चाचपणी कशी करायची

नववी-दहावीतलं पोरगं दार लावून बसतं, जेवायला हाक मारली की खेकसतं आणि आपण म्हणतो जाऊदे, वयच तसलंय. बऱ्याचदा खरंच तेवढंच असतं. पण या वयात डिप्रेशन म्हणजे रडकं तोंड असेलच असं नाही, नुसती चिडचिड पण असते, आणि एन्झायटी तर कित्येकदा पोटदुखी बनूनच येते, शाळेच्या दिवशी सकाळी दुखतं आणि रविवारी गायब. नाटक म्हणून सोडून देऊ नका.

आधी दोन आठवडे गुपचूप बघा. झोप, जेवण, मित्र, आवडीचा खेळ यातलं काय काय सुटलं ते तारखेसकट वहीत लिहून ठेवा, डॉक्टरसमोर नेमकं काहीच आठवत नाही म्हणून सांगतेय.

मग दोन फॉर्म घ्या, पीएचक्यू-९ आणि जीएडी-७. पहिला उदासीसाठी, ९ प्रश्न, दुसरा चिंतेसाठी, ७ प्रश्न. दोन्ही फुकट मिळतात, मराठीत पण आहेत. ११ ते १७ वयासाठी पहिल्याचं वेगळं रूप आहे, त्यात उदासीसोबत चिडचिडही विचारलीय, मिळालं तर तेच वापरा. प्रत्येक प्रश्न मागच्या दोन आठवड्यांबद्दल, आणि उत्तराला ० ते ३ मार्क, म्हणजे 'अजिबात नाही' ला शून्य आणि 'जवळजवळ रोज' ला तीन.

फॉर्म पोराला एकट्याला भरू द्या. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि इथेच आपण माती खातो, शेजारी बसून "अगं एवढं कुठे वाटतं तुला" म्हणालात की संपलं, ती सगळीकडे शून्य टाकून मोकळी होणार. सुरुवात पण "तुला काहीतरी झालंय" अशी नको. "हल्ली तू थकलेली दिसतेस, मला काळजी वाटली म्हणून हे आणलंय" एवढं पुरे. आणि मावशीला, काकूला फोन करून सांगायचं नाही, प्लीज.

आता बेरीज, प्रत्येक फॉर्मची वेगळी. दोन्हीकडे ५ ते ९ म्हणजे सौम्य, लक्ष ठेवा आणि दोन आठवड्यांनी परत भरून घ्या. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरकडे जायचंच. पण आकडा म्हणजे निदान नाही, ताप मोजल्यासारखं आहे, ताप कशाचा ते डॉक्टर ठरवणार, ते थायरॉइड आणि हिमोग्लोबिन पण बघतील कारण त्यानेही माणूस असाच गळून जातो. आणि मार्क ८ आले पण पोर शाळेतच जाईना तर १० ची वाट बघत बसू नका.

पीएचक्यू मधला नववा प्रश्न मात्र बेरजेच्या बाहेरचा समजा. मरण बरं किंवा स्वतःला इजा करावी असं वाटतं का, हा तो प्रश्न. तिथे १ जरी आला तरी त्याच दिवशी शांतपणे बोला, "जीव द्यावासा वाटतो का, कसं करायचं ते ठरवलंयस का" असं सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात ते खूळ शिरतं हा गैरसमज आहे, उलट पोरांना सुटल्यासारखं वाटतं. घरातलं फवारणीचं औषध, गोळ्यांचा साठा कुलपात टाका. हो म्हणाली तर एकटं सोडू नका, थेट हॉस्पिटल गाठा. टेली मानस म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, तिचा नंबर १४४१६ आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं.

अजून एक, हे फॉर्म बायपोलर, म्हणजे कधी खूप उदास तर कधी अति उत्साही करणारा आजार, पकडत नाहीत. मधेच काही दिवस पोरगं तीन-चार तास झोपून पण टकाटक, अखंड बडबड, वाट्टेल तसा खर्च, असं झालं असेल तर डॉक्टरला आवर्जून सांगा, कारण औषधच बदलतं.

प्रायव्हेट परवडत नसेल तर सरकारी दवाखान्यात १० ते १९ वयाच्या मुलांसाठी 'मैत्री क्लिनिक' असतं, किंवा जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. जाताना ती वही आणि भरलेले दोन्ही कागद न्या. आणि डॉक्टर म्हणाले "तुम्ही जरा बाहेर बसा", तर वाईट वाटून न घेता खरंच बाहेर बसा.